सैल दांडा




कुऱ्हाडीवरचे प्रवचन आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. आगमनकाळ आला की बाप्तिस्मा करणारा योहान झाडांच्या मुळाशी ठेवलेल्या कुऱ्हाडीची आठवण करून देतो आणि आपण धारेचा विचार करू लागतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही वर्षानुवर्षे धारच शिकवत आलो. कुऱ्हाडीला दांडाही असतो आणि तो पात्यात नीट बसलेला असावा लागतो, याकडे आमचे लक्ष गेले ते गेल्या पवित्र शनिवारी. त्या दिवशी जे घडले ते लिहायला आम्हांला बरेच महिने लागले.

पास्काच्या जागरणविधीत चर्चच्या दाराबाहेर नवा अग्नी पेटवतात. त्यासाठीची लाकडे फोडण्याचे काम दरवर्षी आम्हा सेवक मंडळींकडे असते. यंदा आमच्याकडे एक वेगळीच कुऱ्हाड होती. धर्मग्रामातल्या एका गृहस्थांनी ती जुन्या लोखंडाच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. अलंगला मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजावरची ती आहे, असे तो व्यापारी म्हणाला होता. दोन्ही बाजूंना पाते असलेली, दुधारी. आपल्याकडे अशी कुऱ्हाड सहसा दिसत नाही. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूडतोडे ती वापरू लागले. एक धार ते अगदी तीक्ष्ण ठेवत, झाडाच्या बुंध्यासाठी; दुसरी थोडी जाड, गाठी आणि मुळे तोडण्यासाठी. एक बोथट झाली तरी काम थांबत नसे. त्या गृहस्थांनी ती आम्हांला वापरायला दिली होती, म्हणजे ती उसनी होती.

मिळाली तेव्हा तिला दांडा नव्हता. तो आम्हीच बसवला होता, आदल्या पावसाळ्यात. वादळात पडलेल्या बाभळीची एक सरळ फांदी घेतली, सोलली, पात्याच्या नेढ्यात ठोकली आणि घट्ट बसावी म्हणून वरून दोन खिळे मारले. ऑगस्टमध्ये ती इतकी घट्ट होती की आम्हांला स्वतःचे कौतुक वाटले. सुरतचा पावसाळा तुम्हांला माहीत आहे. दारे चौकटीत अडकतात, कपाटाचे खण ओढून निघत नाहीत. त्या हवेत ओले लाकूड फुगलेलेच असते. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते सुकले आणि पाते दांड्यावर हलू लागले.

पवित्र गुरुवारी आमच्यापैकी प्रत्येकाने ते हलवून पाहिले होते. प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणी तरी बघेल. शेवटी शुक्रवारी क्रूसाची वाट झाल्यावर आम्ही ती कुऱ्हाड पाण्याने भरलेल्या बादलीत उलटी टाकली आणि घरी गेलो. हा उपाय सगळ्यांनाच ठाऊक असतो. शनिवारी सकाळी दांडा पक्का लागला. आम्ही म्हणालो, झाले काम.

दुपारी तीनच्या सुमारास, उन्हात, नवव्या की दहाव्या ओंडक्यावर घाव घालायला कुऱ्हाड वर गेली आणि खाली आला तो नुसता दांडा. पाते मागच्या मागे उडाले. आमच्या वर्गातला एक नऊ वर्षांचा मुलगा तिथे ढलप्या गोळा करत होता. पाते त्याच्या डाव्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतले. साध्या कुऱ्हाडीला निदान एक बोथट बाजू असते. हिला तीही नव्हती.

यापुढची गोष्ट लिहिणे अवघड आहे. आमच्यापैकी एकाने धावत जाऊन आधी पाते उचलले आणि धारेला खाच पडली का ते पाहिले. दुसऱ्याची वस्तू ना! त्याचे नाव लिहीत नाही, कारण बाकीचे आम्हीही वाकून तेच पाहत होतो. मुलाकडे पाहायला आम्हांला आणखी दोन-तीन क्षण लागले. तो हसत होता. त्याला गंमत वाटली होती.

मग आम्ही सगळे एकदम म्हणालो, देवाने वाचवले. मुलाला सांगितले, जा बाळ, आता घरी जा. उरलेली लाकडे विळ्याने, हाताने कशीबशी मोडली. रात्री त्याच लाकडांवर नवा अग्नी पेटला, पास्काची मेणबत्ती त्यावर लागली, अंधाऱ्या चर्चमध्ये प्रकाश गेला. मुलगा आईशेजारी हातात छोटी मेणबत्ती घेऊन उभा होता. आम्ही आलेलुया गायलो. त्या आईला आम्ही काहीही सांगितले नव्हते.

‘देवाने वाचवले’ हे वाक्य खोटे नव्हते. पण ते आम्ही झाकणासारखे वापरले.

त्या आठवड्यात आम्ही पवित्र शास्त्र उघडले, ते खरे सांगायचे तर समाधान शोधायला. अनुवादाच्या १९व्या अध्यायात आमचीच घटना लिहिलेली सापडली. एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडायला जातो, घाव घालताना लोखंड दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याला लागून तो मरतो. मनात वैर नव्हते, हेतू नव्हता. अशा माणसासाठी देवाने आश्रयनगरे नेमायला सांगितली. एकूण सहा, यार्देनच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. तिथवर जाणारे रस्तेही तयार ठेवायचे, म्हणजे पळणाऱ्याला वाटेतच गाठून कोणी मारू नये. सैल कुऱ्हाडीचाही विचार करणारा आपला देव आहे. हे वाचून आम्हांला हायसे वाटले. हेतू नव्हता, मग दोष कसला?

पण तिथेच थांबता आले नाही. गणनेच्या पुस्तकात पुढची अट आहे: त्या माणसाने आपले घर, शेत, गाव सोडून आश्रयनगरातच राहायचे, महायाजक मरेपर्यंत. हेतू नसला तरी शेजारी मेला ही गोष्ट पुसली जात नाही. तिची किंमत आहे. आणि अनुवादात थोडे पुढे, २२व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की गच्चीला कठडा बांध, नाही तर कोणी पडले तर त्याचे रक्त तुझ्या घरावर येईल. उत्तरायणाला सुरतच्या गच्च्यांवर पतंगांसाठी उड्या मारणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. पडण्याआधी कठडा बांधायचा असतो. उडण्याआधी दांडा बसवायचा असतो. दांडा सैल आहे हे आम्हांला गुरुवारीच माहीत होते. रानातल्या त्या माणसाला ते माहीत होते असे शास्त्र सांगत नाही. आम्ही त्याच्या रांगेत उभे राहू शकत नव्हतो.

दुसरी कुऱ्हाड राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, सहाव्या अध्यायात. संदेष्ट्यांचे शिष्य यार्देनकाठी लाकडे तोडत असतात. एकाचे लोखंड पाण्यात पडते आणि तो ओरडतो, कारण ते उसने आणलेले असते. अलीशाने लाकूड टाकून लोखंड तरंगवले, हा चमत्कार आम्ही मुलांना कितीदा तरी शिकवला आहे. मधली एक ओळ मात्र आम्ही नेहमी पटकन ओलांडत होतो. चमत्काराच्या आधी अलीशा त्याला विचारतो, ते कुठे पडले. आणि तो जागा दाखवतो.

आमचे लोखंड कुठे पडले होते, ते आम्ही कोणालाही दाखवले नव्हते.

पुनरुत्थानानंतरच्या रविवारी, दैवी दयेच्या दिवशी, मिस्सा झाल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वाटेत चहा घेऊया म्हणून दोनदा थांबलो, इतका आमचा धीर. ताईंनी पाणी आणले. आम्ही सगळे सांगितले: हलणारा दांडा, बादली, वीतभर अंतर, आणि आधी पात्याकडे पाहिले तेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आतल्या खोलीत मुलगा टीव्ही पाहत होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा वळून पाहिले. आम्हांला वाटले, आता त्या रागावतील, किंवा क्षमा केली म्हणतील. दोन्हीची आमची तयारी होती.

त्यांनी विचारले, “सर, आता घट्ट बसवली का ती?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दांडा आणि पाते दोन्ही चर्चच्या मागच्या खोलीत तशीच पडलेली होती. आम्ही पश्चात्ताप करायला इतके गुंतलो होतो की कुऱ्हाड दुरुस्त करायची राहूनच गेली.

आमच्या धर्मग्रामातली पुष्कळ मराठी कुटुंबे खानदेशातून, उधना-जळगाव रेल्वेने आलेली. याच मार्गावर नवापूरचे स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, आणि आमची अर्धी माणसेही तशीच. लिंबायत, उधना, डिंडोलीत ती स्थिरावली. त्यांतले एक वृद्ध सुतार डिंडोलीला मुलाकडे राहतात, सगळे त्यांना बाबा म्हणतात. आम्ही कुऱ्हाड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दांडा हातात घेऊन टोक पाहिले आणि विचारले, “पाण्यात ठेवली होती ना?”

आम्ही मान हलवली.

“पाण्यानं लाकूड फुगतं. पण बाहेर लोखंड आहे, ते काही सरकत नाही. मग लाकूड स्वतःलाच चेपतं. वाळलं की आधी होतं त्याहून बारीक होतं. रात्रभर घट्ट, दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा सैल.”

आम्हांला आमचा उपवासकाळ आठवला. चाळीस दिवसांत आम्ही भिजतो, फुगतो, शुक्रवारी अगदी पक्के वाटतो. पुढच्या उन्हात काय होते ते घरच्यांना विचारावे.

पुढचे दोन रविवार दुपारी आम्ही बाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढले. त्यांनी जे शिकवले ते इथे लिहितो, कारण तुमच्याही घरी कुऱ्हाड, कुदळ, हातोडा असेल.

आधी त्यांनी नेढ्यात अडकलेला लाकडाचा तुकडा ठोकून बाहेर काढला. आमच्यापैकी एकजण म्हणाला, जाळून टाकू, राख पडेल. बाबा म्हणाले, “धारेचं पाणी जाईल.” लोहार पोलादाला तापवून, विझवून जो कणखरपणा देतो त्याला आपल्या भाषेत पाणी म्हणतात. पाते आगीत टाकले की ते पाणी उतरते आणि धार मऊ पडते. सोप्या वाटेने कुऱ्हाड रिकामी झाली असती आणि निकामीही.

मग लाकूड. त्यांच्याकडे जुन्या बैलगाडीचा धामणीचा तुकडा होता, वर्षानुवर्षे वाळलेला. धामण चिवट, लवचिक. घावाचा हादरा खाते, तडकत नाही. त्यांनी रेषा पाहिल्या: दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, मध्येच बाजूला पळालेल्या नकोत. टोकाकडून पाहिले तर वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेने, एका धारेकडून दुसऱ्या धारेकडे जाणाऱ्या हव्यात. एकधारी कुऱ्हाडीचा दांडा वाकडा घडवला तरी चालतो, हातात छान बसतो. दुधारीचा मात्र अगदी सरळच लागतो, कारण ती दोन्ही बाजूंनी फिरवायची असते. एका बाजूला सोयीचा वाक दिला की दुसऱ्या बाजूला तो घात करतो.

मग सुरू झाले खरे काम. बाबांनी दिव्याची काजळी नेढ्याच्या आतून फासली, दांडा घालून पाहिला, बाहेर काढला. जिथे लाकडाला काळे लागले तिथे ते जास्त होते. तेवढेच कानशीने काढायचे. पुन्हा घालायचे, पुन्हा काढायचे. आम्ही मोजत होतो. पंधरा वेळा तरी झाले असेल. आम्ही म्हणालो, बाबा, थोडे जास्त घासले तर लवकर होईल. ते म्हणाले, “जास्त काढलेलं परत लावता येत नाही. काळं दाखवील तेवढंच.”

आमच्या वर्गातल्या मुलांची आठवण झाली. आत्मपरीक्षण करताना आम्ही त्यांना पापांची लांबलचक यादी वाचून दाखवतो. त्यांच्यावर नेमका डाग कुठे उमटला आहे ते पाहायला आम्ही थांबत नाही.

दांडा आत बसवण्याची रीतही वेगळी. पाते जमिनीवर टेकवून दांडा त्यात ठोकायचा, असे आम्ही केले होते. बाबांनी कुऱ्हाड हातात अधांतरी, पाते खाली करून उभी धरली आणि दांड्याच्या वरच्या मोकळ्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोकले. प्रत्येक ठोक्याला जड पाते जागच्या जागी राहते आणि दांडा त्यात उतरत जातो. पात्याला कोणी मारत नाही.

दांड्याच्या डोक्याला त्यांनी आधीच करवतीने चीर दिली होती, नेढ्याच्या लांबीच्या दिशेने, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश इतकी. दांडा नेढ्यातून वर थोडासा बाहेर राहू दिला. त्या चिरेत सागाची कोरडी पाचर, चिरेइतकीच रुंद, हळूहळू ठोकली. नेढे मध्ये अरुंद आणि वर रुंद असते. पाचर आत गेली की लाकूड वर उमलते आणि पाते सुटायची वाट बंद होते. आम्ही आमच्या दोन खिळ्यांबद्दल विचारले. बाबा म्हणाले, “खिळा लाकूड फाडतो. पाचर ते भरते.”

शेवटी त्यांनी दांड्याच्या टोकाशी डोळा लावून पाहिले. दोन्ही धारा आणि दांडा एका रेषेत. मग आम्हा प्रत्येकाला पाहायला लावले. टोकाला जवसाचे तेल लावले, हवेतला ओलावा लाकडात फार आत-बाहेर होऊ नये म्हणून. कुऱ्हाड आमच्या हातात देताना ते एवढेच म्हणाले, “दर वेळी उचलाल तेव्हा हलवून बघा. कितीही नीट बसवली तरी.”

बंधुभगिनींनो, दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक आणि हुतात्मा संत जस्टिन याने लिहून ठेवले आहे की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवत असे. जू बनवणाऱ्याला बैलाची मान माहीत असावी लागते. जिथे लाकूड टोचते तिथे ते तासावे लागते, नाही तर जखम होते. आपले जू सोयीचे आहे असे प्रभूने सांगितले तेव्हा त्याच्या हातांना ते काम ठाऊक होते. घाईने ठोकलेले जू आणि मापाने बसवलेले जू यातला फरक त्याने नासरेथात शिकला असेल, असे आम्हांला बाबांच्या शेडमध्ये वाटले.

आपल्याकडे म्हणतात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बाभळीचाच दांडा बाभळीवर चालतो, असा त्याचा अर्थ आपण लावतो. आम्ही आता ती म्हण जरा वेगळी ऐकतो. दांडा सैल असला तर तो शत्रूच्या अंगावर जात नाही. जवळ ढलप्या वेचणाऱ्या आपल्याच लेकराच्या पायाशी पडतो. घरात, मंडळीत, सेवेत आपण जे सैल ठेवतो – दिलेला शब्द, घेतलेली जबाबदारी, हिशेबाची वही, मुलांवर लक्ष – त्याचे बहुधा असेच होते. हात आपला असतो, घाव दुसऱ्याला लागतो.

आश्रयनगरातला माणूस महायाजक मरेपर्यंत घरी परतू शकत नव्हता. आमचा महायाजक शुक्रवारीच मरण पावला होता. आम्ही त्याच दुपारी त्याच्या क्रूसाच्या वाटेवर चाललो आणि मग कुऱ्हाड बादलीत टाकून घरी गेलो. शनिवारी आम्ही मोकळे होतो ते त्याच्या रक्ताने. त्या मोकळिकीचे काय करायचे, ते एका आईने एका प्रश्नात सांगितले.

कुऱ्हाड आम्ही मालकाला परत न्यायला गेलो, नव्या दांड्यासह, आणि जे झाले तेही सांगितले. त्यांनी ती चर्चलाच ठेवून घ्या म्हटले. आता ती मागच्या खोलीत भिंतीला उभी असते, दोन्ही धारांवर चामड्याची म्यान चढवून. या पावसाळ्यात ती फुगली, हिवाळ्यात थोडी आकसली. पाचर हललेली नाही. तो मुलगा कधी कधी वर्ग सुटल्यावर येऊन विचारतो, “सर, आज हलवून बघितली?” मग आम्ही त्याच्यासमोर ती हलवून बघतो.

हे प्रभू, नासरेथच्या सुतारा, आमच्यात जे सैल आहे ते आम्हांला कोणाला लागण्याआधी दाखव. पडलेली जागा दाखवायचा धीर दे. आम्हांला रात्रभर फुगवू नकोस, तुझ्या मापाने तासून बसव. आमेन.